सुपापलीकडची पाटी

ये इकडं. मोबाईल जरा जवळ धर, अशी अर्धीच काय दिसतेस? आणि काय गं भवाने, दिवाळीला आलीस ती आलीस, त्यानंतर आजी हाय का गेली, बघायला नको? पुण्याचं पाणी लागलं वाटतं.

तुला आठवत नसेल, पण तुला पहिली अक्षरं मी शिकवली. मी कुठली शाळेत जाते! तुझा बाप चुलीपुढं बसून मोठ्यानं वाचायचा, त्याच्या पुस्तकात बघत भाकरी थापता थापता मी शिकले. तेवढ्याच जोरावर तुझी मास्तरीण झाले.

शाळा उघडायला महिना व्हता. पेरणीसाठी शेंगा फोडायच्या होत्या. मधे सूप, अलीकडं मी, पलीकडं तू. पाटी सुपाला टेकवून ठेवलेली, माझ्याकडं तोंड करून. मला अक्षर दिसल्याबिगर सांगता कुठं येतंय? तू सुपावरून वाकून बघायचीस, चार शेंगा फोडायचीस, त्यातले दोन दाणे खायचीस आणि खडाखडा म्हणायचीस. मला लई अभिमान.

शाळेला आठ दिवस राहिले आणि तुझा बाप चाकणहून सुट्टीवर आला. येताना नवं पुस्तक आणलं. तू ते हातात घेतलंस, खालचं वर केलंस आणि वाचलंस, "कमळ!"

बाप पोट धरून हसला. "आई, पोरीला खाली डोकं वर पाय करून शिकवलंस का काय?"

मला मात्र घोर लागला. पोरगी पहिल्याच दिवशी वर्गात पुस्तक उलटं धरणार, पोरं हसणार, आणि हे सगळं माझ्यामुळं. दुसऱ्या दिवशी सूप बाजूला सारलं आणि तुला मांडीत ओढलं. तू पाटी बघून भोकाड पसरलंस, "आज्जे, आता ही उलटी झाली!"

आठ दिवस तू माझ्या मांडीत होतीस. तुझं तोंड दिसायचं नाही, तेल लावलेला भांग तेवढा दिसायचा. माझं बोट अक्षराखाली, माझ्या बोटावर तुझं बोट. शाळेत गेलीस ती सरळ वाचतच गेलीस. पण मांडी मोकळी झाली, ती झालीच. पुढं दोन वर्षांनी बापानं तुम्हाला पुण्याला नेलं.

परवा फोनवर धडा वाचून दाखवलास. किती झरझर वाचतेस गं! समोर बसलेली, अगदी पहिल्यासारखी. फक्त आता पुस्तकाचं तोंड तुझ्याकडं, आणि मला एक अक्षर दिसेना. मी नुसती मान हलवत राहिले. तुला वाटलं, आजीला कळतंय.

औंदाच्या शेंगा अजून फोडायच्यात. पाटीचा एक कोपरा फुटलाय, पण चालतंय. आता मांडीत मावायची नाहीस, शेजारी बस. बापाला म्हणावं, ओतूरच्या गाडीत बसवून दे, मी स्टँडवर येऊन उभी राहते. तेवढा धडा माझ्या बाजूला बसून वाच. ये गं लवकर.