वाघमारे बाई विसरत नसत

वाघमारे बाईंनी कुणाला 'असू दे' म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. चिंचवड स्टेशनजवळच्या एका हॉटेलात त्यांच्या चहात माशी निघाली आणि मालक म्हणाला, "काढून प्या की, बाई." तेव्हापासून बाई त्या हॉटेलावरून गेल्या नाहीत. भर उन्हात, दोन्ही हातांत पिशव्या असल्या तरी रस्ता ओलांडून पलीकडून जायच्या. काही वर्षांनी त्या हॉटेलाला कुलूप लागलं. त्या दिवशी बाईंनी आमच्या सेक्शनला पेढे वाटले. "कशाचे हो?" असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "माशीचे."

हा सेक्शन म्हणजे चिंचवडच्या, इंजिनचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यातला पंचिंग सेक्शन. सत्तरच्या दशकाची अखेर होती. साठ्यातल्या मालाची, पगाराची सगळी माहिती जाड कार्डांवर भोकं पाडून कॉम्प्युटरला द्यावी लागे. ती भोकं पाडणाऱ्या आम्ही मुली, कुणी भोसरीची, कुणी चाकणकडची, आणि आमच्यावर वाघमारे बाई. उंच, सावळ्या, पातळाची इस्त्री संध्याकाळपर्यंत न मोडणाऱ्या. वडील पिंपरीत फाउंड्री कामगार. धर्मांतरानंतर त्यांनी मुलीला हट्टाने शिकवलं होतं. बाई स्टॅटिस्टिक्सच्या पदवीधर, तेही पहिल्या वर्गात. कंपनीत त्या लागल्या होत्या प्रोग्रामर म्हणून.

मग त्या आमच्यात कशा आल्या? कारखानीस साहेबांमुळे. हे कॉम्प्युटर विभागाचे मॅनेजर. त्याआधी ते स्टोअर्सला होते आणि कारखान्यातल्या प्रत्येक सुट्या भागाला नंबर देण्याची पद्धत त्यांनीच बसवली होती. प्रत्येक नंबराच्या शेवटी एक. "शून्यावर काही संपवू नये. आपण आहेरसुद्धा एकशे एकाचा करतो," असं ते अभिमानाने सांगत आणि माना डोलावणारे भरपूर असत. बाई मात्र एका मीटिंगमध्ये म्हणाल्या, "सगळ्यांच्या शेवटी एकच आकडा असेल तर त्याला काही अर्थ उरत नाही, साहेब. ती नुसती शोभा झाली. पुढे अडचण होईल." लोक हसले. साहेबही हसले आणि गोड आवाजात म्हणाले, "शुभ-अशुभ आमच्यात बघतात, बाई. तुमच्यात नसेल."  महिना संपायच्या आत बाईंची बदली पंचिंगला झाली.

पहिल्याच दिवशी त्या आमच्यासमोर उभ्या राहिल्या. "मला इथं शिक्षा म्हणून पाठवलंय," त्या म्हणाल्या. "त्यात तुमचा काही दोष नाही. तुमच्यावर राग निघणार नाही. ज्याच्यावर निघायचा त्याच्यावर निघेल."

आणि राग खरंच कधी निघाला नाही. शिस्त मात्र विचारू नका. एकीने पाडलेलं कार्ड दुसरीने मशीनवर पुन्हा टाइप करून ताडून बघायचं, असा नियम सगळीकडेच होता. बाकी ठिकाणी घाईच्या वेळी तो गुंडाळून ठेवत. आमच्याकडे एकही कार्ड दुसऱ्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. चाकणकडची शेवंता एकदा कुरकुरली, "बाई, येकदा बघितलं की. आमी काय आंधळ्या हाय का?" बाई म्हणाल्या, "तू आंधळी नाहीस गं. पण वरचे लोक चूक शोधायला टपलेत. त्यांना ती मिळता कामा नये."

पुढे कंपनीने नवा कॉम्प्युटर घेतला. त्याला डिस्क होती. जुनी सगळी कार्डं वाचून माहिती डिस्कवर चढवायची आणि दिवाळीची सुट्टी संपून कारखाना उघडला की स्टोअर्सचं काम नव्या मशीनवर सुरू करायचं, असं ठरलं. माहिती चढवणारा प्रोग्राम कारखानीस साहेबांनी स्वतः लिहिला. पहिल्या दिवशी काम झपाट्याने झालं, साहेबांनी फराळ वाटला. दुसऱ्या दिवशी मशीन रेंगाळायला लागलं. पाडव्यापर्यंत तर अशी गत झाली की एक कार्ड आत जाई आणि पुढचं जायच्या आधी माणूस चिवडा खाऊन हात धुऊन येई.

साहेबांनी कारण लगेच शोधलं. आम्ही. कार्डं खराब पाडलीत, म्हणून मशीन अडखळतंय. त्यांनी वर्क्स मॅनेजरांना तसं टिपण पाठवलं आणि पंचिंग सेक्शन बंद करून काम मुंबईला बाहेर द्यावं अशी शिफारसही केली. ऐन भाऊबिजेला आम्हाला कामावर बोलावून ते वाचून दाखवलं. शेवंताच्या नवऱ्याची कंपनी तेव्हा बंद पडली होती. माझ्या घरी मीच एकटी कमावती. मला त्या माणसाचा तेव्हा जो राग आला तो अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

बाईंनी प्रोग्रामची छापील प्रत मागवली आणि शांतपणे वाचली. मग हसल्या. त्यांना हसताना मी क्वचितच पाहिलंय.

"कार्डं खराब असती तर पहिल्या दिवसापासून अडलं असतं," त्या मला म्हणाल्या. "हे भरत जाईल तसं अडतंय. कुठला भाग डिस्कवरच्या कुठल्या कप्प्यात ठेवायचा, हे याचा प्रोग्राम नंबराच्या शेवटच्या आकड्यांवरून ठरवतो. आणि शेवटी सगळ्यांच्या एक! सगळे त्याच मोजक्या कप्प्यांवर येऊन आदळतात. कप्पा भरलेला दिसला की मशीन मोकळी जागा शोधत फिरत बसतं."

"मग सांगा ना त्यांना, बाई! आपल्या नोकऱ्या वाचतील."

"आत्ता सांगितलं तर काम होईल, श्रेय तो घेईल आणि टिपण तसंच राहील. तुम्ही घरी जाल. आधी त्याच्या तोंडून निघू दे."

सुट्टी संपत आली. वर्क्स मॅनेजरांनी बाईंना कॉम्प्युटर रूममध्ये बोलावलं. कार्डांचे ट्रे घेऊन मीही मागे गेले. धूळ जाऊ नये म्हणून तिथे चपला बाहेर काढायची सक्ती होती. बाई चपला घालून आत गेल्या.

"तुम्हाला काही सुचतंय का?" वर्क्स मॅनेजरांनी विचारलं.

"कुठं अडलंय ते मला कळलंय. सांगणार नाही."

कारखानीस साहेब उसळले. "ही अडवणूक आहे!"

"हो, आहे," बाई म्हणाल्या. "माझ्या मुलींची कार्डं चोख आहेत, असं तुम्ही आमच्या सेक्शनमध्ये येऊन त्यांच्यासमोर म्हणा. टिपण मागे घ्या. मग सांगते. नाहीतर कारखाना उघडेल आणि स्टोअर्समधून एक बोल्ट निघणार नाही."

वर्क्स मॅनेजरांनी कारखानीसांकडे नुसतं पाहिलं.

साहेब आले. आमच्या दारात उभे राहिले. "कार्डं ठीक असावीत," असं काहीतरी पुटपुटले.

"असावीत नाही," बाई म्हणाल्या. "आहेत."

"आहेत," साहेब म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. शेवंताने पदराआड तोंड लपवलं, ती रडत होती की हसत होती देव जाणे. वर्क्स मॅनेजरांनी टिपण आमच्यादेखत फाडलं. मग बाईंनी दुरुस्ती सांगितली: शेवटचा आकडा सोडा, त्याच्या आधीचे धरा. दुरुस्तीचं कार्ड शेवंतानेच पाडलं आणि मी ताडून बघितलं. मशीन पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सगळा माल डिस्कवर होता.

जाताना साहेब म्हणाले, "झालं गेलं विसरून जाऊ, बाई."

"तुम्ही विसरा," बाई म्हणाल्या. "तुम्हाला सोपं आहे."

वर्क्स मॅनेजरांनी त्यांना प्रोग्रामरची जागा परत देऊ केली. बाईंनी ती घेतली नाही. "मी वर गेले की हा माणूस पुन्हा टिपण लिहील," एवढंच म्हणाल्या. मला वाईट वाटलं. त्यांच्या डोक्याला ते काम शोभलं असतं. पण साहेब कंपनीत होते तोवर आमच्यातली एकही मुलगी कमी झाली नाही, हेही खरं.

काही वर्षांनी कारखानीस साहेब निवृत्त झाले. कँटीनमध्ये निरोप समारंभ होता. शाल, नारळ, भाषणं. साहेब कसे देवमाणूस आहेत हे एकामागून एक लोक सांगत होते. कुणीतरी बाईंनाही बोलायला सांगितलं. मी धास्तावले. बाई उठल्या.

"कारखानीस साहेबांना मी एकदा खरं बोलताना ऐकलंय," त्या म्हणाल्या. "आमच्या सेक्शनच्या दारात. तेव्हा त्यांना फार त्रास झाला होता. पण तो त्रास त्यांनी पुन्हा कधी करून घेतला नाही. म्हणून त्यांची प्रकृती अशीच चांगली राहील याची मला खात्री आहे."

आणि बसल्या.  मग शेवंताने टाळी वाजवली, पाठोपाठ मी, मग आमच्या सगळ्या मुलींनी. प्रकृतीला शुभेच्छा दिल्या असं समजून बाकीचं कँटीनही टाळ्या वाजवायला लागलं. टाळ्या काही थांबेनात, तेव्हा शाल सावरत साहेबांना उठावं लागलं. सगळं समजून, कान लाल झालेले, ते हात जोडून उभे राहिले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या बटाटावडा खात होत्या.