बत्तीसची कंबर

मास्तर पँट शिवत. शर्ट कोणीही शिवतो, पँट मात्र बसवावी लागते, असं त्यांचं ठाम मत होतं. बाजाराच्या मागच्या गल्लीत, चाव्या करणारा आणि चष्मेवाला यांच्या मध्ये त्यांचं दुकान होतं. दुकान एवढं अरुंद की मास्तर कापायच्या टेबलाशी उभे असले की गिऱ्हाइकाला आडवं होऊनच आत यावं लागे. गळ्यात मापाची फीत, कानावर पेन्सिल, खिशात खडू, अशा थाटात ते त्या टेबलाशी चौतीस वर्षं उभे होते. वर पोटमाळ्यावर बायको काज-बटणं करी, उसवून पुन्हा शिवायची कामं करी आणि खाली चाललेल्या प्रत्येक बोलण्यावर कान ठेवून असे.

मास्तरांना गर्व होता तो एकाच गोष्टीचा. त्यांची कंबर लग्नात बत्तीस होती आणि अठ्ठावन्नाव्या वर्षीही बत्तीसच होती. स्वतःची पँट ते लग्नाच्या वेळच्याच कागदी नमुन्यावरून कापत. "शिंप्याला स्वतःची कंबर सांभाळता येत नाही, तो लोकांची काय सांभाळणार?" असं ते म्हणत, आणि समोरचं गिऱ्हाईक आपलं पोट आत ओढून मान डोलवी.

एका सकाळी त्यांच्या उजव्या मांडीला, बाहेरच्या बाजूला, मुंग्या आल्या. येऊन जातील असं वाटलं, पण त्यांनी बस्तानच बसवलं. चिमटा काढला तर कळत नसे, आणि कापड नुसतं घासलं तरी निखारा ठेवल्यासारखं होई. बसलं की बरं वाटे, टेबलाशी उभं राहिलं की पुन्हा सुरू. "मांडी माझीच आहे," ते बायकोला म्हणाले, "पण भाड्यानं दिल्यासारखी वाटते."

बायकोनं डॉक्टरकडे धाडलं. मास्तर पद्धतशीर माणूस. मापांच्या वहीतलं एक पान फाडून त्यांनी सात प्रश्न लिहून नेले. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "कधीपासून?"

"पंधरा दिवस. पण बसलं की—"

"वय?"

"अठ्ठावन्न. बसलं की जरा—"

"साखर आहे?"

"ते तुम्ही सांगायचं ना?"

"मग रक्त तपासून घ्या," डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या माणसाला हाक गेली. सातही प्रश्न घडीसकट खिशात परत आले.

तपासणीच्या केंद्रात रक्त नुसतं काढत नव्हते. तिथं माणूस एकदा आत शिरला की डोक्यापासून नखापर्यंत झाडून सगळं तपासून मगच बाहेर सोडत. पोटाची सोनोग्राफीही झाली. दोन दिवसांनी चौदा पानांचा रिपोर्ट हातात पडला. त्यात तीन आकडे ठळक अक्षरांत होते. मास्तरांच्या पाचावर धारण बसली. काउंटरवरच्या मुलीला त्यांनी विचारलं, "हे शेजारच्या रकान्यात नॉर्मल म्हणून लिहिलंय, ते कोणाचं माप?"

"सगळ्यांचं, काका."

"सगळ्यांचं म्हणजे कोणाचंच नाही. सगळ्यांना बसेल अशी पँट मी अजून पाहिली नाही."

मुलीनं डॉक्टरांना दाखवा म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी रिपोर्ट पत्ते पिसल्यासारखा पिसला आणि एक आकडा उन्हात न गेल्यानं, एक पाणी कमी प्यायल्यानं आणि एक उगाचच वाढलाय म्हणून सांगितलं. मांडीचं काय, हे विचारेपर्यंत तीन गोळ्यांची चिठ्ठी तयार होती.

घरी बायकोनं चष्मा लावून चौदाही पानं वाचली. हे काम आजवर कोणीच केलं नव्हतं. अकराव्या पानावर ती थांबली.

"अहो, अभिनंदन. तुमचं गर्भाशय अगदी उत्तम आहे म्हणे."

मास्तरांनी पान हिसकावून घेतलं. होतं खरं. गर्भाशय, आकार सामान्य, दोष नाही. सही, शिक्का, सगळं व्यवस्थित. ते तसेच पायात चपला सरकवून केंद्रात गेले. काउंटरवरच्या मुलीनं ओळ शांतपणे वाचली.

"पण नॉर्मलच लिहिलंय ना, काका? मग काळजी कशाला करता?"

मास्तरांनी पुष्कळ आवाज चढवला तेव्हा आतून दुरुस्त रिपोर्ट आला. त्यात आता छापलं होतं: गर्भाशय, आढळले नाही. आता हरवलेलं शोधायला आणखी एक तपासणी सांगतील, या भीतीनं मास्तर मूग गिळून घरी आले.

दुसऱ्या दिवशी मेहुणा दुकानात येऊन बसला. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो विम्याच्या कचेरीत होता आणि जगातली सगळी विद्या मोबाइलमध्ये आहे, अशी त्याची श्रद्धा होती. त्यानं अंगठा सरसर फिरवला.

"दाजी, मांडी बधिर आणि आग आग, असं घातलं की तीन गोष्टी येतात. पहिलीत माणूस दोन वर्षं काढतो."

"आणि दुसरीत?"

"दुसरीत काढत नाही."

मास्तरांच्या हातातली कात्री खाली आली. "तिसरी?"

"ती सोडा. ती गरोदर बायकांना होते."

"मग सोडू नका," पोटमाळ्यावरून आवाज आला. "रिपोर्टात सगळी तयारी आहे."

मेहुण्यानंच मग मणक्याच्या डॉक्टरचं नाव काढलं. मोठा दवाखाना, गार खोली, भिंतीवर हाडांची चित्रं. मशीनच्या नळीत झोपवून मास्तरांच्या पाठीचे फोटो काढले गेले. डॉक्टर ते फोटो पडद्यावर पाहत होते, आणि मास्तर डॉक्टरांची पाठ पाहत होते.

"मणक्यात झीज आहे."

"त्यानं मांडी बधिर होते?"

"होऊ शकते."

"म्हणजे माझी त्यानंच झालीय?"

"नाकारता येत नाही," डॉक्टर म्हणाले, आणि कमरेला बांधायचा रुंद पट्टा लिहून दिला. जागेपणी सोडायचा नाही.

मास्तरांना ते वाक्य भारीच आवडलं. गुरुवारी पँट मिळेल का, असं कोणी विचारलं की ते कापडावरून नजर न काढता म्हणत, "नाकारता येत नाही." पट्ट्यानं मात्र उलटाच गुण आला. आठ दिवसांत मांडीची आग गुडघ्याच्या जवळ पोचली. ते पुन्हा दाखवायला गेले. डॉक्टर म्हणाले, "सैल बांधत असाल." मास्तरांनी आणखी एक घर घट्ट केलं. मग त्यांना उभं राहणं अशक्य झालं. स्टूल घेऊन ते बसून कापू लागले, आणि चौतीस वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. एका नवऱ्या मुलाच्या पँटचे दोन्ही पाय त्यांनी डावे कापले.

मास्तरांनी ते दोन्ही तुकडे टेबलावर एकमेकांवर ठेवून पाहिले. आजवर थट्टेवारी नेलेली भीती आता खरी झाली होती. पाय गेला तर शिंपी बसून तरी शिवतो. नजर आणि हिशेब गेला तर काय करायचं? मेहुण्यानं सांगितलेली दुसरी गोष्ट त्यांना आठवत होती. बायको खाली आली. तिनं ते तुकडे पाहिले, उचलले आणि एकदाही चेष्टा केली नाही. त्यामुळे तर मास्तर जास्तच घाबरले. तिनं दुकानाचं फळकूट ओढलं आणि त्यांना घेऊन थेट नसांच्या डॉक्टरकडे गेली.

ही डॉक्टर म्हणजे पिकल्या केसांची, बारीक चणीची बाई. मास्तरांनी सवयीनं फाइल पुढे केली. आता ती उशीएवढी जाड झाली होती. डॉक्टरीणबाईंनी ती घेतली आणि बाजूच्या खुर्चीवर ठेवली.

"ही नंतर. आधी तुम्ही सांगा."

"काय सांगू?"

"काय होतंय ते."

"सगळं?" मास्तरांनी संशयानं विचारलं.

"सगळं."

त्यांनी सांगितलं. बसलं की बरं वाटतं, हे वाक्य दोन महिन्यांत पहिल्यांदा पूर्ण झालं. बाईंनी मग त्यांना पडद्यामागं नेलं, पँट खाली करायला लावली आणि म्हणाल्या, "जिथं बधिर आहे त्याच्याभोवती रेघ ओढून दाखवा." पेन द्यायला त्यांनी हात पुढे केला, तोवर मास्तरांनी सोडलेल्या पँटच्या खिशातून खडू काढून स्वतःच्या मांडीवर एका फटक्यात आकार काढलाही होता. लांबट, खालून गोलाई दिलेला, अगदी खिसा कापायच्या आधी काढावा तसा सुबक.

बाईंना हसू आलं. "इतकं स्वच्छ चित्र मला कोणी काढून दिलं नव्हतं." मग त्यांनी शर्ट वर करायला सांगितला. कमरेच्या हाडावर लाल-जांभळी वळी पडली होती, दोरानं आवळल्यासारखी. बाईंनी तिथं बोटानं टकटक केलं आणि खडूनं काढलेल्या त्या खिशात वीज चमकून गेली. मास्तर ओरडलेच.

"कंबर किती तुमची?"

"बत्तीस," मास्तर म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या पोटाकडे पाहिलं, आणि मग गळ्याकडे. "ती फीत जरा द्या."

त्यांनी फीत लावली, वाकून आकडा वाचला आणि म्हणाल्या, "साडेसदतीस."

"तुम्ही तिरकी धरलीय."

"मग तुम्ही धरा."

मास्तरांनी श्वास आत घेऊन धरली. सदतीस. आणखी आत घेतला. तेवढंच. तिसऱ्यांदा धरायला गेले तेव्हा बायको पडद्यापलीकडून म्हणाली, "श्वास सोडा आता. काखेत कळसा आणि गावाला वळसा झाला तेवढा पुरे."

बाईंनी समजावून सांगितलं. कमरेच्या हाडाशी एक नस चामडीजवळून मांडीत उतरते. पँटची पट्टी तिला दाबत होती आणि वरून तो रुंद पट्टा. नस दबली की मांडीचा तेवढाच तुकडा झोपतो आणि झोपेत जळतो. जिवाला धोका नाही. "पोट वाढलं की होतं असं. गरोदर बायकांनाही पुष्कळदा होतं."

पडद्यापलीकडे कोणीतरी तोंडावर हात दाबल्याचा आवाज झाला.

औषध म्हणून बाईंनी एकच ओळ लिहिली: पट्टा बंद, पँट सैल. वजन उतरवा, हे तोंडी सांगितलं. मास्तरांनी सवयीनं विचारलं, "आणि रिपोर्टातले ते ठळक आकडे?" त्यावर बाईंनी फाइल उघडली, सावकाश चाळली, आणि अकरावं पान येताच चष्मा काढून पुसला.

घरी आल्यावर मास्तरांच्या डोक्यात वेगळाच किडा वळवळू लागला. बत्तीसच्या मापाची पँट साडेसदतीसच्या कमरेला इतकी वर्षं लागत कशी होती? पोटाखाली घसरते हे धरलं, तरी हिशेब जुळत नव्हता. त्यांनी अंगावरची पँट उतरवून उलटी केली. मागच्या शिवणीत शिंपी पुढची सोय म्हणून थोडं जास्तीचं कापड राखतो. ते सगळं सोडलेलं होतं. जुनी टाक्यांची भोकं एकाखाली एक, पाच रांगांत दिसत होती. त्यांनी कपाटातल्या बाकीच्या पँट काढल्या. सगळ्यांची तीच तऱ्हा. एका बोटाचंही कापड आत शिल्लक नव्हतं.

"हे तू केलंस?"

"मग काय चाव्यावाल्यानं?" बायको म्हणाली. "दर दोन-तीन वर्षांनी अर्धा इंच. यंदा आतलं कापडच संपलं. शिवणीच्या बाहेर कुठनं आणू?"

"मला सांगायचं नाहीस?"

"तुम्ही गिऱ्हाइकाला सांगता?"

गिऱ्हाइकाची कंबर मोजताना तोंडानं 'छत्तीस' म्हणायचं आणि वहीत अडतीस लिहायचं, हा मास्तरांचाच शिरस्ता होता. माणूस खूश होऊन जातो आणि पँटही बसते. आपल्यावर हाच प्रयोग घरात बारा वर्षं चालला होता, आणि आपणही खूश होतो, हे कळल्यावर रागवायचं कोणावर, हेच त्यांना सुचेना. शेवटी ते म्हणाले, "टाका छान घातलायस. बाहेरून कळत नाही."

"कळू नये म्हणूनच घातला."

त्या आठवड्यात मास्तरांनी नवा कागद पसरला आणि अडतीसचा नमुना कापला. नवऱ्या मुलाला नवं कापड आणून पँट शिवून दिली, दोन्ही पाय आपापल्या बाजूचे. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं, हे मास्तरांच्या बाबतीत अक्षरशः खरं ठरलं. आग पंधरा दिवसांत विझली, मुंग्यांनी मात्र चार महिने घेतले. मेहुणा भेटायला आला तेव्हा म्हणाला, "दाजी, तिसरी गोष्ट मी सांगितली होती की नाही?" त्याला चहा मिळाला, पण बिनसाखरेचा.

सगळं गेलं, तरी तळहाताएवढा एक तुकडा बधिरच राहिला. त्याचा त्रास काहीच नव्हता, पण मास्तरांना राहवेना. ते पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेले. या वेळी कागदावर एकच प्रश्न होता.

"बाकीची मांडी जागी झाली, मग एवढाच तुकडा का नाही?"

बाईंनी तो तुकडा दाबून पाहिला, सुई टोचून पाहिली, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "मला माहीत नाही."

मास्तर खुर्चीत सावरून बसले. "खरंच?"

"खरंच. पुढं जाईलही, राहीलही. त्यानं बिघडणार काही नाही."

मास्तर गल्लीत परतले ते लॉटरी लागल्यासारखे. चाव्यावाल्याला त्यांनी थांबवून सांगितलं, चष्मेवाल्याला आत जाऊन सांगितलं, आणि पोटमाळ्याच्या शिडीखाली उभं राहून वर ओरडून सांगितलं, "अगं, फार हुशार बाई आहे! तिला माहीतच नाही!"