सव्वासाताचे साडेसात

निकाल मोबाईलवर आला तेव्हा मी ड्यूटीवर होते. परदेशात नर्सची नोकरी हवी तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. गुण नऊपैकी, आणि मला हवे होते सात. एकूण साडेसात दिसले. खडेबाजारातल्या क्लासच्या सरांना फोन केला, तर म्हणाले, "झालं काम, बॅग भरा." मी मिठाईच्या दुकानातून कुंदा घेऊनच हिंडलग्याला घरी गेले.

आप्पांनी कुंद्याला हात लावला नाही. "दुसऱ्या कुणी वाचलंय?" एवढंच विचारलं.

आमच्या घरची ही रीत. सरकारी कागद कानडीत येतो आणि आप्पांना कानडी बोलता येतं, वाचता येत नाही. म्हणून कागद वेगवेगळ्या गल्लीतल्या दोघांकडून वाचून घ्यायचा. दोघांनी एकच सांगितलं तर खरं. माझी प्रगतिपुस्तकंही या चाळणीतून गेली. दहावीला इंग्रजीत पहिली आले, तेव्हा शाबासकी राहिली बाजूला, "कुणाचं बघून लिवलीस?" असं विचारलं त्यांनी. ते मला अजून टोचतं.

"इंग्लिश मला येतंय की, आप्पा. मीच वाचलंय."

"तुझं तूच वाचून कसं चालंल?"

मग चारही भागांचे गुण विचारले. ऐकणं आठ, वाचणं साडेसात, बोलणं सात, लिहिणं साडेसहा. आप्पांनी बोटांवर बेरीज करून चारानं भागलं. "सव्वासात हुत्यात. साडेसात कुठनं आलं?"

"पाव असला तर वर धरत्यात. तसा नियम हाय."

"फुकट? फुकट दिलंय म्हंजी दुसरीकडं कापलं असणार बघ."

माझं डोकंच फिरलं. तशीच त्यांना स्कूटरवर बसवून वडगावला आत्याकडे नेलं. आत्या हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. तिने चष्मा लावून निकाल वाचला.

"अण्णा, पावाचं खरं हाय. नियमच हाय तो." मी आप्पांकडे विजयी नजरेने पाहिलं. तेवढ्यात ती मला म्हणाली, "पण तिकडच्यांनी किती मागितल्यात? ते दाखव."

मी तिकडच्या नर्सिंग कौन्सिलची साईट उघडली. सर 'टोटल सात' म्हणत आले आणि मी तेच धरून बसले होते. तिथे लिहिलं होतं, प्रत्येक भागात सात. आत्याचं बोट लिहिण्याच्या साडेसहावर थांबलं. "नोकरीला हे चालणार न्हाय गं," ती हळूच म्हणाली.

मला रडूच फुटलं. आता आप्पा 'म्हटलं न्हवतं?' म्हणणार याची वाट बघत मी मान खाली घातली.

"लिवलेलं कुणी तपासलं?" आप्पांनी विचारलं.

"नाव सांगत न्हाईत, आप्पा."

"नाव न सांगणाऱ्याचं खरं कसं मानायचं? माझी पोरगी लिवण्यात कमी न्हाय. त्या तपासणाऱ्यानंच कायतरी घोळ घातलाय. परत तपासाय लाव."

आत्या म्हणाली, तशी सोय असते. आप्पा लगेच उठून उभेच राहिले, जणू परीक्षक शेजारच्या गल्लीत राहतो.

वेळ संपल्यामुळे निबंध मी अर्ध्यावर सोडला होता. ते सांगायला तोंड उघडलं, आप्पांकडे पाहिलं, आणि म्हटलं, "व्हय, आप्पा. लावूया."