बुरुजावरची ती लढाई मालिकेत नव्हतीच

मंडळी, आमच्या लहानपणी रविवारी सकाळी लागायची ती तलवारबाजीची मालिका आज मला यूट्यूबवर सापडली. मोबाईल घेऊन तडक हर्सूलला दादाकडं गेलो. अर्धांगवायू झाल्यापासून तो पडूनच असतो, बोलता येत नाय.

खरं सांगू? मालिका लई रटाळ निघाली. तलवारी पत्र्याच्या, अन् हीरो आणि खलनायक आलटून पालटून एकाच घोड्यावर!

मी वाट बघत होतो बुरुजावरच्या लढाईची. हीरो एकटा सात जणांना लोळवतो अन् खंदकात उडी मारतो. ती ज्यात असायला हवी तो अख्खा भाग संपला, पण लढाई आलीच नाही.

मग आठवलं. गावी पिशोरला ऐन लढाईत लाईट जायची. आम्ही पोरं हिरमुसायचो. दादा मात्र लाटणं घेऊन ओट्यावर चढायचा, "पुढचं मला माहितीये" म्हणत सगळं करून दाखवायचा.

"दादा, ती लढाई तूच रचली होती व्हय रे?"

तो अर्ध्या तोंडानं हसला. उजवा हात उचलायला गेला, बोटंसुद्धा हलली नाहीत.

खंदकात उडी मारल्यावर हीरोचं काय झालं, हे मी तेव्हा विचारलंच नव्हतं. आता कुणाला विचारू?