झिजलेली मूठ

बाबा गेल्यावर त्यांचं जुनं विलायती रिव्हॉल्व्हर विकायला मी सदर बाजारातल्या बंदुकीच्या दुकानात गेलो. शौकीन लोक अशा वस्तूला चांगली किंमत देतात, असं ऐकलं होतं. म्हाताऱ्या दुकानदारांनी नळीला डोळा लावला, मग कितीतरी वेळ लाकडी मुठीवरून अंगठा फिरवत राहिले.

"नळी कोरी आहे भैया, एकदाही नाही चालली. पण मुठीची नक्षी पार झिजली. भाव पडते."

"काहून झिजली?"

"रोज हातात धरून बसत असतीन. लय भेव वाटे काय त्यायले?"

घरात आम्ही सगळे बाबांनाच भ्यायचो. दुकानदारांनी सांगितलेला भाव मी घासाघीस न करता कबूल केला. बाबांना कशाची भीती होती, ते मला अजून माहीत नाही. इतकी वर्षं शेजारच्या खोलीत झोपून मी कधी विचारलंच नाही.