बिनगाठीची शिवण

आमच्या गावाच्या वाड्या दोन. वरच्या वाडीत चर्च, खालच्या वाडीत बांग घराण्याचं पूर्वजांचं देऊळ. मधे विहीर, आणि विहिरीला लागून प्यो माल्येचं घर. वरच्यांना ती पुरती आपली वाटायची नाही, खालच्यांना तर मुळीच नाही, पण तिच्यावाचून दोघांचंही पान हलत नव्हतं. कारण मेल्यावर अंगावर घालायचे तागाचे कपडे तिच्याइतके सुबक कुणी शिवत नसे.

सासुरवाशिणीला आमच्याकडे माहेरच्या गावावरून हाक मारतात. ती गोकसोंगची, तागासाठी नावाजलेल्या गावची, म्हणून गोकसोंगवाली. मी शाळामास्तरची बायको. मलाही माहेर होतं, पण ते कुणी विचारलं नाही. मी आपली मास्तरीण. तिच्या ओसरीवर बसून सात वर्षं मी सुईत दोरा ओवून दिला, तेव्हा कुठे तिनं मला मोजे शिवायला दिले.

तिचा नियम एकच. दोऱ्याला गाठ मारायची नाही आणि उलटा टाका घालायचा नाही. दोरा संपला तर शेपूट लांब सोडायचं, नवा दोरा त्याच्याशेजारून सुरू करायचा. गाठीचे कपडे घालून गेलेल्याचा पाय इथेच अडकतो, म्हणतात. ऊम पाद्री रविवारी ही अंधश्रद्धा असल्याचं ठणकावून सांगत. मग त्यांची आई थकली. तिचे कपडे न्यायला आले तेव्हा त्यांनी घसा खाकरला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "गाठबीठ राहिली नाही ना कुठे?" माल्येनं मान हलवली. ते गेल्यावर आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. खालच्या वाडीचे थोरले बांग आजोबाही म्हणायचे की ऋषींच्या पोथ्यांत दोऱ्याबद्दल अवाक्षर नाही. पण त्यांच्या बायकोच्या कपड्यांची प्रत्येक शिवण त्यांनी चष्मा लावून तपासली होती.

हे काम तिनं हौसेनं धरलेलं नव्हतं. पन्नास साली उन्हाळ्यात उत्तरेची कम्युनिस्ट फौज आली. खालच्या वाडीतल्या काहींनी दंडाला लाल फडकं बांधलं आणि वरच्या वाडीतली माणसं दाखवून दिली. पानगळीत फौज हटली आणि पोलीस परत आले, तेव्हा वरच्यांनी खालची दाखवली. दोन्हीकडे प्रेतं, आणि पलीकडच्यांसाठी सुई उचलायला कुणी तयार नाही. माल्येनं उचलली, दोन्हींसाठी. तिचा नवरा इन्बे सुतार होता. चर्चची बाकंही त्याचीच आणि बांगांच्या देवळाचे दरवाजेही त्याचेच. त्यालाही त्या उन्हाळ्यात नेलं. त्याचं प्रेत मिळालं नाही. गावभराला कपडे शिवणारीच्या नवऱ्याला तेवढे कपडे मिळाले नाहीत, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नसे.

इन्बेचं नाव फौजेपुढे कुणी घेतलं, तेही सगळ्यांना ठाऊक होतं. बांग दल्सू. इन्बेचा लंगोटीयार. पुढे दल्सूनं अकरा वर्षं तुरुंगात काढली आणि परत आल्यावर पंधरा वर्षं मान खाली घालून शेती केली. विहिरीवर माल्ये दिसली की तो घागर तशीच ठेवून मागे फिरायचा. त्याची सून मग घागर न्यायला यायची.

शहात्तर साली आठव्या महिन्याला अधिक आला. अधिक महिन्यात देवांचं लक्ष नसतं. अधिकात प्रेत उलटं उभं केलं तरी बाधत नाही, अशी आमच्याकडे म्हणच आहे. म्हणून म्हाताऱ्यांचे अखेरचे कपडे त्याच महिन्यात शिवून ठेवतात. एकेकाचे कपडे सूर्य मावळायच्या आत, एका दिवसात पुरे झाले पाहिजेत, त्यामुळे दहा-बारा हात लागतात. त्या दिवशी ज्याचे कपडे तो शिवणाऱ्यांना शेवया खाऊ घालतो. मोठा आनंदाचा दिवस असतो तो. कपडे तयार असलेला म्हातारा जास्त जगतो.

महिना सरायला चार दिवस उरले होते. ओसरीवर आम्ही वरच्या वाडीतल्या एका आजीचे कपडे शिवत होतो, आणि दल्सूची सून डोक्यावर तागाचं ठाण घेऊन आली.

"काकू, मामंजींचे करायचेत."

"कुणाचे?"

"मामंजींचे."

"नाव घे की. सासऱ्याचं नाव घेतलं म्हणून जीभ झडत नाही."

"बांग दल्सू," सून म्हणाली, आणि ओसरीवरच्या सगळ्या सुया थांबल्या.

चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकनची बायको तोंडाची फाटकी. तिचा थोरला दीर त्याच उन्हाळ्यात गेलेला. ती म्हणाली, "त्याला कशाला हवेत कपडे? जाऊ दे तसाच."

"तू तुझी सुई बघ," माल्ये म्हणाली. मग सुनेकडे वळून, "परवा सकाळी लवकर ये. आणि शेवया नीट कर बाई, तुझ्या सासूच्या वेळी पार लगदा झाला होता."

दुसऱ्या दिवशी पाद्री आले. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती आणि त्यांचा चेहरा उजळला होता. "सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करा, असं प्रभू सांगतो. तुम्ही गावाला धडा घालून देताय."

"पाद्रीबाबा, माफी मागितल्यावर द्यायची असते ना? माझ्याकडे अजून कुणी मागायला आलेलं नाही."

पाद्री चहा पिऊन गेले. तासाभरात थोरले बांग आजोबा काठी टेकत आले. मेल्यावर वैर संपतं, शेजारधर्म उरतो, असं थोर सांगून गेलेत म्हणाले. माल्येनं त्यांनाही त्याच किटलीतला जवाचा चहा दिला.

"मेल्यावर ना, आजोबा? तो तर अजून जेवतोय चांगला."

मला दोघांचाही राग आला. सांगायला काय जातं? ज्याचं जळतं त्यालाच कळतं. पण एक गोष्ट तेव्हाही माझ्या लक्षात आली. जन्मभर एकमेकांच्या दारात पाय न ठेवलेले हे दोघे जण एकाच बाईला एकच गोष्ट करायला सांगून गेले होते.

शिवायच्या दिवशी वरच्या वाडीतून कुणी आलं नाही. खालच्या दोन बायका, सून, मी आणि माल्ये. पाच जणींत एवढे कपडे सूर्यास्तापर्यंत होणं कठीण होतं. माल्येनं बाह्या वर सारल्या. तिनं ताग अंथरला, हातानंच माप घेतलं आणि कापायला लागली. दुपारी डीकनची बायको आली, सुई घेऊन, तणतणत.

"त्याच्यासाठी नाही हं आले मी. तुमचे डोळे गेलेत म्हणून आले."

"बस मग माझ्या डोळ्यांसाठी," माल्ये म्हणाली.

ऊन कलायला लागलं तेव्हा विजार झाली, मोजे झाले, तोंडावरचं फडकं झालं. अंगरखा माल्येनं स्वतः शिवला होता. मी तो घडी घालायला घेतला. शिवणीवरून हात फिरवायची सवय तिनंच लावलेली. डाव्या बाहीच्या आत, काखेपाशी, माझ्या बोटाला काहीतरी टोचलं.

मी तिच्या कानाशी वाकले. "काकू, गाठ राहिलीये."

"राहिली नाही," ती म्हणाली. "मारली."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. एवढ्यात फाटकातून दल्सू आत आला. एका हातात काठी, दुसऱ्या हातात किमचीच्या लोणच्याचं भांडं. मागे सुनेनं शेवयांचं पातेलं आणलं. त्याच्या घरचा दिवस होता, खाऊ घालायला त्यानंच यायला हवं होतं. पण तो येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. सव्वीस वर्षांत त्यानं त्या फाटकाकडे तोंड केलं नव्हतं. तो अंगणातच थांबला.

माल्येनं माझ्या हातातला अंगरखा घेतला आणि ओसरीच्या कडेला आली.

"तुमच्या बाहीत मी गाठ मारलीये," ती म्हणाली. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "आयुष्यातली पहिली. चुकून नाही. नंतर तुम्हाला कळायला नको होतं, म्हणून आत मारली. पण तुम्ही समोर आलात, तर सांगते."

खालच्या वाडीतली एक बाई रडायलाच लागली. सून पातेलं हातात घेऊन उभी. हे बाहेर गेलं तर दोन्ही वाड्या पुन्हा एकमेकींच्या उरावर बसल्या असत्या.

दल्सूनं भांडं खाली ठेवलं. "असू दे, वहिनी," तो म्हणाला. सव्वीस वर्षांनी त्यानं तिला वहिनी म्हटलं. "राहू दे तशीच."

"राहू दे म्हणून सुटू नका. सांगा. ह्यांचं नाव का घेतलंत?"

त्यानं काठी पुढे टेकली. मग काठीवर दोन्ही हात ठेवून त्यानं सांगितलं.

"पाच नावं मागितली होती फौजवाल्यांनी. माझ्याकडे चार होती. पाचवं सांग, नाहीतर तुझंच लिहितो म्हणाले. मला दुसरं नाव आठवेना. दिवसभर तोंडात तेच असायचं ना, इन्बे, इन्बे. तेच बाहेर पडलं." मग म्हणाला, "मला माफ करा, असं म्हणायलासुद्धा मला तोंड नाही. म्हणून कधी आलो नाही."

डीकनच्या बायकोनं हातातलं उरलेलं तागाचं कापडच डोळ्यांना लावलं. माल्ये मात्र रडली नाही. तिनं पश्चिमेकडे पाहिलं. डोंगराच्या वर ऊन हातभर उरलं होतं.

"मास्तरीण, कात्री."

गाठ नुसती कापून चालत नाही, अख्खी शिवण उसवून पुन्हा घालावी लागते. तिनं बाही सर्रकन उसवली. मी दोरा ओवला. डीकनच्या बायकोनं न सांगता दुसरी बाजू धरली. दल्सू अंगणात उभाच होता, कुणी त्याला बस म्हटलं नाही आणि जा पण म्हटलं नाही. सूर्य डोंगराला टेकला तेव्हा माल्येनं शेवटचं शेपूट लांब सोडलं आणि अंगरखा झटकून त्याच्या सुनेच्या हातात दिला.

"माफ केलंत, वहिनी?" दल्सूनं विचारलं.

"नाही."

"मग गाठ का काढली?"

"ह्यांना तुम्ही लोकांनी हात बांधून नेलं होतं," ती म्हणाली. "दोरखंडानं, मागे. मी ह्याच ओसरीवरून पाहिलं. मी कुणालाही तसं पाठवणार नाही. तुम्हालासुद्धा नाही."

मग तिनं ओसरीवर एक पाट मांडला आणि त्याला म्हणाली, "बसा. शेवया गार होतायत."