मी आणलेली महागाची लेव्हल

तारनाक्याच्या घरी स्वयंपाकघरात फळ्या बसवायला आलेल्या सुताराचं नाव मी कधी विचारलं नाही. पण चार दिवसांत त्याने मला पुरतं वैतागवलं. प्रत्येक फळीवर तो आपली प्लॅस्टिकची जुनी लेव्हल, म्हणजे सपाटी तपासायची पट्टी, ठेवी, बुडबुडा बघे, मग तीच पट्टी टोकं बदलून ठेवी आणि पुन्हा बघत बसे. दोन फळ्यांत अख्खी सकाळ जाई.

शेवटी मी सुलतान बाजारातून ॲल्युमिनियमची चांगली, महागाची लेव्हल आणली. फळीवर ठेवली, तर बुडबुडा उजवीकडे.

"टेढ़ी है. सब निकालो," मी म्हटलं.

त्याने पेन्सिल कानावर अडकवली आणि माझी लेव्हल टोकं बदलून त्याच जागी ठेवली. बुडबुडा तेवढाच डावीकडे गेला. म्हणजे फळी सरळ होती, लेव्हलच चुकीची होती.

"सस्ती पे मैं रोज शक करता, अम्मा. महंगी पे कोई करताच नईं," तो म्हणाला. "गिरी क्या?"

"नहीं," मी ठणकावलं. खरं तर ऑटोतून उतरताना ती रस्त्यावर आपटली होती.

"फिर दुकानवाले को वापस देव. खराब माल दिया उने."

त्याने ती नीट पुसून खोक्यात ठेवली आणि खोकं माझ्या हातात दिलं. ते घेऊन दुकानदाराशी खोटं भांडायला जाणं मला जमणार नव्हतं.

"गिरी थी," मी चिडूनच म्हटलं.

"मालूम," पुढची फळी उचलत तो म्हणाला. "कोना दब गया ना."